निळं दिसायलंय

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. तरी एका उन्हाळ्याच्या शेवटी, भालकीतल्या आमच्या पुढच्या खोलीत बसून मी रोज संध्याकाळी फुटबॉलचा खेळ तोंडानं सांगत होते. ऐकणारे एकटे आमचे गुरुजी. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, म्हणून मीही. लग्नाच्या नवऱ्याला गुरुजी म्हणते म्हणून माहेरी माझी चेष्टा व्हायची. पण नाव घ्यायचं नाही, आणि नुसतं अहो-अहो करत बसायचा मला कंटाळा, मग दुसरं काय म्हणणार.

खेळ तोंडानं सांगायचा, कारण गुरुजींचे डोळे गेले होते. एक पुरता गेला होता, दुसऱ्यात थोडा उजेड उरला होता. लातूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उजेड आणि अंधार यातला फरक त्यांना कळतोय तोवर थेंब घालत राहा. तो कळेनासा झाला की मग करण्यासारखं काही राहत नाही. तेव्हापासून माझा जीव त्या उरलेल्या उजेडात अडकला. सकाळी उठून चहा ठेवायच्या आधी मी विचारायचे, "दिसायलंय का?" ते म्हणायचे, "दिसायलंय." मग मी स्टोव्ह पेटवायचे.

मी उदगीरची. आमचं लग्न झालं तेव्हा उदगीर आणि भालकी एकाच जिल्ह्यात होती, बिदर जिल्ह्यात, आणि राज्य हैद्राबादचं. हळदीचा वास अंगावरून जातोय न जातोय तोवर राज्यं नव्यानं पाडली. उदगीर तिकडं मुंबई राज्यात गेलं, भालकी इकडं कन्नड म्हैसूर राज्यात आली. मी सणाला माहेरी निघाले तर शेजारणी म्हणाल्या, परराज्यात चाललीस की गं. रस्ता तोच, धूळ तीच. मला त्याचं फार काही वाटलं नाही. लग्न झालेल्या बाईला माहेर तसंही परराज्यच. पण गुरुजींच्या जिव्हारी जे लागलं ते लागलंच.

दर एक नोव्हेंबरला इकडं राज्याचा सण. झेंडे, पोरांच्या मिरवणुका, भाषणं. आणि आमचे गुरुजी सदऱ्याला काळी फीत लावून घरात बसलेले. बेळगावकडची माणसं करतात तसं. नोकरीत होते तोवर फीत कोटाच्या आतून लावायचे, म्हणजे ती दिसायची फक्त मला. मी म्हणायचे, हा निषेध नेमका कुणाचा आहे, सरकारचा का माझा? रिटायर झाल्यावर मात्र बाहेरून लावली. फीत मीच शिवली होती, जुन्या परकराच्या काठाची. आणि याच माणसानं पोटच्या मुलाला कन्नड शाळेत घातलं. मी विचारलं तर म्हणाले, त्याला इथंच जगायचंय. तुम्हाला कुठं जगायचंय, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं.

पुस्तकांचा नाद मात्र खरा. उदगीरला, लातूरला गेले की पिशवी भरून आणायचे. नवी कादंबरी, लेख, प्रवासवर्णन, जे हाताला लागेल ते. शाळा, पेपर तपासणं, शिकवण्या, यातून वाचायला सवड कुठली, मग ती कपाटात जायची. "ही रिटायर झाल्यावर." मी वर्षाचं लोणचं घालून बरणीचं तोंड बांधून ठेवायचे, तशी त्यांनी पुस्तकं बांधून ठेवली होती. दसऱ्याला कपाट उघडायचं, धूळ पुसायची, वरचं पुस्तक उघडून वास घ्यायचा, आणि परत बंद.

भालकीच्या टॉकीजला हिंदी सिनेमा लागायचा, कन्नड लागायचा, कधी तेलुगूसुद्धा. मराठी बघायचा तर बसनं उदगीर. आम्ही दोघांनी शेवटचा बघितला तो एका विधवा शिक्षिकेचा. पोरांना शिकवून मोठं करते आणि पोरं तिला विचारत नाहीत, असा. अख्खं थिएटर रडत होतं. मला रडू येईना, राग आला. एवढी वर्षं शाळेत शिकवणारी बाई शेवटी देवळाच्या पायरीवर येऊन बसते, कामून? घरातून काढणाऱ्या पोराला चार वर्गांसमोर उभं करायची हिंमत असलेली बाई ती. मी गुरुजींच्या कानाशी हे सांगायला लागले तर ते म्हणाले, "तू गप बस. आणि कोण बोलायलंय ते सांग."

कोण बोलायलंय म्हणजे काय? पडद्यावर ती आणि तिचा थोरला, दोघं समोर उभे. गुरुजींना ती दिसत होती, कडेला उभा असलेला थोरला दिसत नव्हता. मला वाटलं, लक्ष नाही. बाहेर पडताना ते खांबाला धडकले आणि थिएटरवाल्याच्या नावानं ओरडले, की वाटेत खांब कुणी घालतं का. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून तो खांब तिथंच होता. बसमध्ये मी त्यांच्या कपाळाचं टेंगूळ पदरानं दाबत होते आणि वर हसतही होते.

मग घरातल्या चौकटी लागायला लागल्या. ताटातली भाजी दिसायची, शेजारची वाटी दिसायची नाही. ज्यानं त्यानं एकच सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. आमच्याकडं डोळ्याला काही झालं की मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हटला की पिकायची वाट बघायची. गुरुजी शिकलेले, पण त्यांनीही तेच धरलं. पिकला की लातूरला जाऊन काढू, म्हणाले.

त्याच वर्षी शाळेच्या पटांगणात डोळ्यांचं फुकट शिबिर लागलं. बेंगळुरूकडचे डॉक्टर येणार होते. आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. घरी कन्नड, माझ्याशी मात्र मराठी. त्यांनाही दिसत नव्हतं. त्या सकाळीच इरकल नेसून दारात आल्या. "वैनी, गुरुजींना काढा की बाहेर. बरोबरच जाऊ. मोठे डॉक्टर बघायलेत."

मी आत गेले. गुरुजी खुर्चीत बसलेले, सदऱ्याला काळी फीत. शिबिर नेमकं एक नोव्हेंबरला ठेवलेलं होतं, झेंडावंदन झालं की लगेच, त्याच मांडवात.

"आज न्हाई," ते म्हणाले.

"डोळ्याला काय तारीख कळती का?"

"आजच्या दिवशी त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई. आपण आपल्याकडं दाखवू."

"आपल्याकडं म्हणजे कुठं? जन्म गेला की तुमचा इथं."

"तुला न्हाई कळायचं ते."

मला खरंच कळलं नाही. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या सणाच्या दिवशी आमच्या घरात सुतक, हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. एकट्याच गेल्या. तिथं त्यांचा मोतीबिंदू ठरला, बिदरला नेऊन काढला, आणि महिन्याभरात त्या आमच्या अंगणात बसून सुईत दोरा ओवायला लागल्या. मी त्यांच्याकडं बघायचं टाळायचे. त्यांच्या डोळ्यांवर माझा डोळा होता, खरं सांगते.

गुरुजी पिकायची वाट बघत राहिले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आंबे येऊन गेले. एक दिवस दुपारी त्यांनी समोर ठेवलेल्या पेपरवर हात फिरवला आणि विचारलं, पेपर अजून आला न्हाई का. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना बसमध्ये घातलं.

लातूरच्या डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत नेऊन बघितलं. म्हणाला, हा मोतीबिंदू नव्हेच. काचबिंदू आहे. यात पिकायचं काही नसतं, तो नजर कडेनं खात खात आत येतो. गेलेली परत येत नाही. वर्षभर आधी आला असता तर उरलेली राखता आली असती. हे सगळं त्यानं शुद्ध मराठीत सांगितलं, पुस्तकातल्यासारखं. परतताना बसमध्ये गुरुजींनी थेंबाची बाटली खिशात नीट ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टरचं मराठी चांगलं आहे."

मला असा संताप आला की मी खिडकीकडं तोंड केलं. उदगीरचा स्टँड आला, माहेर हाकेवर, पण मी खाली उतरले नाही. उतरून आईच्या गळ्यात पडून काय सांगणार होते? आणि आई तरी कुठं राहिली होती.

मग कपाट उघडलं. मी सातवी पास. मनात वाचायला येत होतं, पण मोठ्यानं वाचणं ही वेगळीच मजुरी. घसा सुकतो, मान अवघडते, आणि ऐकणारा मास्तर असला की चुका काढतो. पहिली काढली ती पुण्यातल्या एका नवरा-बायकोची कादंबरी. तिच्याविषयी पेपरात बरंच छापून आलं होतं. दोघं गॅलरीत बसतात, चहा पितात, आणि एकमेकांना समजून घेता येत नाही म्हणून दुःखी होतात. पानंच्या पानं उलटली, त्या घरात कुणी भाकरी थापेना, कुणी भांडी घासेना.

"यांना कुणीतरी काम लावा," मी म्हटलं.

"हे मनाचं लिखाण आहे," गुरुजी म्हणाले.

"मग मन काय चहावरच जगायलंय का?"

ते हसले. आंधळेपण आल्यापासून पहिल्यांदा हसले असतील. पुढं मात्र त्या बाईला नवरा समोर बसलेला असताना एकटं वाटतं, असं एक पान आलं. ते पान मी अर्ध्यावर ठेवलं. पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि माठाजवळ थोडी उभी राहिले. पुस्तक तसं वाईट नव्हतं.

दुसरं एक प्रवासवर्णन होतं. लेखक परदेशात फिरतो आणि दिसेल त्याचे रंग सांगतो. फुलांचे, तळ्यांचे, बर्फाचे. मी कंटाळून रंग गाळायला लागले. गुरुजींनी लगेच पकडलं. "तळ्यावर संध्याकाळ झाली म्हणालीस. मग रंग कुठं गेले? हा माणूस रंग सांगितल्याशिवाय सोडणार न्हाई." मग मी मागं जाऊन एकेक वाचला, जांभळा, शेंदरी, राखी, आणि ते मान हलवत ऐकत राहिले. मला तो लेखक आवडला नाही. डोळे धड असलेल्या माणसाची चैन वाटली मला ती. पण पुन्हा कधी रंग गाळला नाही.

पेपर महाराष्ट्रातला, उदगीरच्या बसनं यायचा, तोवर दुपार कलायची. गुरुजींचा पहिला प्रश्न ठरलेला. "सीमेचं काही आहे का?" कधी असायचं. कुणी पुढारी म्हणालेला असायचा, की प्रश्न लवकरच सुटेल. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो लवकरच सुटत होता. आधी मी शब्द न् शब्द वाचायचे. मग नुसतं म्हणायला लागले, आहे, तेच आहे. मग तर बातमीच येईना. आली तरी बेळगावची. आमच्या बाजूच्या गावांची नावंसुद्धा त्या लोकांना आठवत नसावीत. ज्यांच्यासाठी या माणसानं फीत लावली, त्यांच्या पेपरात आम्ही कुठंच नव्हतो.

"न्हाई," मी म्हणायचे.

"बरं," ते म्हणायचे.

एकदा वाटलं, खोटंच वाचावं. निकाल लागला, भालकी तिकडं गेली, उद्यापासून कचेरीवरची पाटी मराठीत. तेवढंच माणसाला सुख. पण त्यांनी विचारलं असतं कुठल्या पानावर, कोण म्हणालं, आणि मला खोटं रचायला येत नव्हतं. तेव्हा येत नव्हतं.

टीव्ही मुलानं आणला, बेंगळुरूहून. तो तिथं इंजिनिअर. "वडलांना दिसत न्हाई आणि टीव्ही आणायलास?" मी विचारलं. तो खाली बघून म्हणाला, आवाज तरी ऐकतील. एरियल लावून दिली आणि दुसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून गेला. त्या टीव्हीत बातम्या हिंदी, नाही तर कन्नड, मराठीचं एक अक्षर नाही. गुरुजींना त्या भाषा येत होत्या, शिकले तर उर्दूत होते. पण ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. अक्का मात्र रोज यायच्या. एक मालिका लागायची, मोठं घर, मोठा जिना, आणि रोज कुणीतरी तो जिना उतरून काहीतरी वाईट बातमी सांगायचं. अक्का त्या जिन्याकडं बघून रडायच्या. मी म्हणायचे, त्या लोकांनी एकमजली घर बांधलं असतं तर निम्मं दुःख वाचलं असतं.

एका संध्याकाळी खोलीतला बल्ब उडाला. नुसता टीव्ही चालू होता. मी आत पीठ मळत होते, तोच गुरुजींनी हाक मारली. "अगं, हे निळं काय दिसायलंय?"

मी पिठाच्या हातानं धावत आले. "काय? काय दिसायलंय?"

"समोर. निळसर. हलायलंय."

टीव्ही काळा-पांढरा, त्याचा उजेड अंधारात निळा पडतो. मी त्यांच्या आणि टीव्हीच्या मधून इकडून तिकडं गेले. "आता कुणी आलं मधी," ते म्हणाले. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. तेव्हापासून संध्याकाळी पुढच्या खोलीत बल्ब लावायचा नाही, असं ठरलं. काळोख करायचा, गुरुजींची खुर्ची टीव्हीसमोर ओढायची, आणि विचारायचं. "निळं दिसायलंय," ते म्हणायचे. मग मला जेवण जायचं.

आणि मग फुटबॉल आला. जगभरच्या देशांची स्पर्धा होती, संध्याकाळची जेवणं उरकली की एक सामना लागायचा. मी बंद करायला उठले तर गुरुजी म्हणाले, "राहू दे." कॉलेजला ते हैद्राबादेत होते. तिथं त्या काळी फुटबॉलचं फार वेड, वर्ग बुडवून मैदानावर जायचे, अनवाणी खेळणारे एकेक खेळाडू असे होते म्हणे की चेंडू पायाला चिकटलेला. लग्न होऊन उभा जन्म गेला, हे मला कधी सांगितलं नव्हतं. भालकीत फुटबॉलबद्दल बोलणार कुणाशी, म्हणाले. बायकोशी बोलावं असं सुचलं नाही.

"तू सांग," म्हणाले.

"तो माणूस सांगायलाय की टीव्हीतला."

"तो नावं सांगतो. मला नावं नकोत. चेंडू कुठाय ते सांग."

मग सुरू झालं. एक उंच माणूस पळायलाय. दुसऱ्यानं त्याला पाडलं. कुठं पाडलं, कडेला का मधी? मधी. मग पुढं? पुढं तो उठून पाडणाऱ्याशीच हात मिळवायलाय. गुरुजी खुश. मला हळूहळू त्या खेळाबद्दल माझं एक मत झालं. एवढी बाप्ये माणसं जीव तोडून पळतात, घामानं न्हातात, आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. चेंडू जाळ्यापर्यंत जातो आणि परत येतो. मी हे म्हटलं तर गुरुजी म्हणाले, तेच तर बघायचं असतं. मला त्यांचा सीमाप्रश्न आठवला. हरलेले लोक गवतावर बसून रडतात, हेही मी सांगितलं. एवढे मोठे बाप्ये, तोंडावर सदरा ओढून. गुरुजी स्वतः रडलेले मी कधी बघितले नाहीत.

सामने संपत आले होते. त्या संध्याकाळी अक्काही बसल्या होत्या, जिना नसला तरी. खोलीत काळोख, समोर निळा उजेड. मी बसता बसता विचारलं होतं, त्यांनी दिसायलंय म्हणून सांगितलं होतं. खेळ रंगात आला होता, मी चेंडू सांगत होते. तेवढ्यात टीव्हीत चट्ट वाजलं. चित्र आक्रसून एका ठिपक्याएवढं झालं आणि गेलं. आवाज तसाच चालू. लोकांचा गलका, सांगणाऱ्याची बडबड, सगळं जागच्या जागी. खोलीत मात्र मिट्ट. माझा हात मला दिसेना.

मी टीव्हीवर थाप मारायला उठणार, तोच गुरुजी म्हणाले, "थांबलीस कामून? चेंडू कुठाय?"

मी होते तिथंच बसले. रोजचाच प्रश्न, रोजच्यासारखाच विचारायला बघितला.

"दिसायलंय का?"

"व्हय की," ते म्हणाले. "निळं. आज जरा जास्तच दिसायलंय."

अक्कांनी अंधारात चाचपून माझं मनगट धरलं. कधीपासून, हे मला विचारता आलं असतं. काल दिसत होतं का, गेल्या आठवड्यात दिसत होतं का. सकाळी चहाच्या आधी मी विचारत होते आणि ते हो म्हणत होते, म्हणजे मी स्टोव्ह पेटवावा, म्हणजे मला जेवण जावं. थेंबाची नवी बाटली कालच आणलेली, ती कोनाड्यात होती.

"अगं, चेंडू," गुरुजी म्हणाले.

"उजव्या हाताला हाय," मी म्हटलं. "एक जण कडेनं घेऊन पळायलाय."

"जोरात?"

"लई जोरात. त्याच्या पुढं कुणीच न्हाई."

गुरुजी पुढं सरकले, खुर्ची करकरली. अक्कांनी मनगट सोडलं नव्हतं. मी त्या माणसाला तसंच पळवत राहिले.